उधारीची तारीख ठरवा

प्रश्न : माझा घरगुती मसाल्याचा उद्योग आहे. चार बायका कामाला आहेत, त्यांची मजुरी दर शनिवारी देते. दुकानदार माल भरपूर मागतात, पण पैसे द्यायला तीन-तीन महिने लावतात. विक्री वाढूनही हातात काही उरत नाही. कर्ज काढून दुसरं कांडप यंत्र घेऊ का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, यंत्र आत्ता नको. सांगलीत छोट्या उद्योजकांचे हिशेब लिहिता लिहिता यंत्रावाचून बंद पडलेला धंदा मी क्वचितच पाहिला. वसुली थकल्यामुळे बसलेले मात्र बरेच पाहिले.

मसाल्यात हे जास्तच जाचतं. चांगली ब्याडगी, संकेश्वरी मिरची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बाजारात येते. वर्षाची मिरची तेव्हाच भरायची आणि पैसे लगेच मोजायचे. ते परत येतात मसाला विकला जाईल तसे, थोडे थोडे. त्यात दुकानदाराने तीन महिने ठेवून घेतले, की पुढच्या हंगामाची मिरची कर्जावर घ्यावी लागते आणि सुटलेला नफा व्याजात जातो.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, केली नसेल तर आधी ती करा. ऑनलाइन होते, फुकट होते. एजंटाला पैसे देऊ नका. छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, माल स्वीकारल्यापासून, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी माल देण्याआधीची हवी, नाहीतर वाद निघतात. उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख प्रत्येक बिलावर ठळक छापा.

तरी रोजच्या गिऱ्हाइकाला कोणी कायदा दाखवत नाही, हे मला कळतं. म्हणून एकच नियम करा : मागचं बिल चुकतं झाल्यावर पुढची खेप. पहिल्यांदा सांगताना जड जाईल. एखादा दुकानदार तुटेलही, तुटू द्या. ज्याच्याकडे तुमचा मसाला खपतो तो पैसे देऊन नेईल. फक्त निम्म्याहून जास्त माल एकाच दुकानात जात असेल, तर आधी दोन-तीन नवी गिऱ्हाइकं जोडा, मग त्याच्याशी बोला.

शनिवारची मजुरी मुळीच चुकवू नका. त्याच दिवशी स्वतःचीही मजुरी काढा आणि खर्चात लिहा, म्हणजे मसाला खरंच किलोला कितीला पडतो ते समजेल.

जादा माल तोवर बाहेरच्या कांडपावर कुटून घ्या. पुढच्या हंगामाची मिरची कर्ज न काढता भरता आली, की मला पुन्हा लिहा. यंत्र कोणतं घ्यायचं ते तेव्हा पाहू.