यंत्रे वाढवूनही उत्पादन का वाढत नाही?

प्रश्न : ‘फॅक्टोरिओ’ या कारखाना उभारण्याच्या संगणक-खेळात विस्तार केल्यावर माझ्या कारखान्यातील हिरव्या सर्किटांचे (लोखंडी पत्रा व तांब्याची तार यांपासून बनणाऱ्या भागांचे) उत्पादन मंदावते. यंत्रे वाढवूनही फरक पडत नाही. काय करावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आधी यंत्रांपर्यंत माल वाहून नेणारा पट्टा पाहावा. पिवळा, म्हणजे सर्वांत साधा, पट्टा सेकंदाला 15 नगच वाहतो, आणि तो लोखंडी पत्र्याने भरण्यासाठी 48 दगडी भट्ट्या लागतात. त्यामुळे पट्टा विरळ धावत असेल, तर दोष सर्किटांच्या यंत्रांत नसून भट्ट्यांत किंवा खाणीत असतो. तारेची 3 यंत्रे सर्किटांच्या 2 यंत्रांना पुरतात. मात्र एका तांब्याच्या पत्र्यापासून 2 तारा होत असल्याने त्या पट्ट्यावर दुप्पट जागा अडवतात, म्हणून त्या थेट शेजारच्या सर्किटांच्या यंत्रात द्याव्यात. खाण आटण्यापूर्वीच दुसरी खाण रेल्वेने जोडून ठेवावी.