पहारेकऱ्याचा मेंदू कुठल्या टूलमध्ये लिहावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली तिघांची टीम, पेशवेकालीन वाड्यात लपतछपत शिरायचा खेळ, युनिटी हे गेम इंजिन, अँड्रॉइड फोन, एका वेळी 30 पहारेकरी. पहारेकऱ्याचं वागणं ठरवायला स्टेट मशीन (ठरलेल्या अवस्था आणि त्यांच्यातली संक्रमणं) स्वतः लिहावं, बिहेव्हियर ट्रीचं (प्राधान्यक्रमाने मांडलेल्या वर्तनाच्या फांद्या) पॅकेज घ्यावं, की एमएल-एजंट्स (प्रशिक्षणातून वागणं शिकवणारं युनिटीचं टूल)?

फीचर्सची यादी बाजूला ठेवा. "हा पहारेकरी आत्ता असा का वागला?" याचं उत्तर जे टूल लवकर देईल ते घ्या. नवं वर्तन लिहिण्यापेक्षा जास्त वेळ हे शोधण्यातच जातो.

प्रत्येक टूलमध्ये एकच पहारेकरी बांधून बघा. चार ठिकाणी गस्त, आवाज आला की तिथे जाऊन 5 सेकंद पाहणी, खेळाडू दिसला की पाठलाग, दिसेनासा झाला की शेवटच्या जागी शोध, मग परत गस्त. आता त्या 5 सेकंदांच्या मध्येच खेळाडू समोरून पळवा. पाहणी तिथल्या तिथे सुटली पाहिजे. बिहेव्हियर डिझायनर या बिहेव्हियर ट्रीच्या पॅकेजमध्ये हे कंडिशनल अबॉर्टवर (अट बदलली की चालू काम मध्येच थांबवण्यावर) ठरतं. पाठलागाची फांदी डावीकडे ठेवून तिला 'लोअर प्रायॉरिटी' (उजवीकडच्या कमी महत्त्वाच्या फांद्या थांबवण्याची सेटिंग) लावायचं राहिलं, तर पहारेकरी पाहणी संपेपर्यंत ढिम्म उभा राहतो. अबॉर्ट झालेल्या टास्कने ऑनएंडमध्ये (टास्क संपताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) आपला जुना मार्ग रद्द केला नाही, तर वेगळाच घोळ: ट्रीमध्ये पाठलाग हिरवा दिसतो आणि पाय मात्र जुन्या ठिकाणाकडे चालतात.

युनिटीचं स्वतःचं बिहेव्हियर पॅकेज फुकट आहे, आधी तेच तपासा. आवृत्ती मात्र पिन करून (एकच ठरवून) ठेवा. पहारेकऱ्याचा एकच प्रकार असेल तर कोडमध्ये हाताने लिहिलेलं स्टेट मशीन, म्हणजे साधं ईनम (अवस्थांची यादी) आणि स्विच (अवस्थेनुसार कोड निवडणं), पुरतं. 5 अवस्थांमध्ये जास्तीत जास्त 20 संक्रमणं होतात, 9 झाल्या की 72, आणि तिथून ते हाताबाहेर जातं. अॅनिमेटरच्या (युनिटीतल्या अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या भागाच्या) स्टेट मशीनला मेंदू बनवू नका, ते अंगविक्षेपांसाठी आहे. 2005च्या 'फिअर' या खेळामुळे गाजलेलं गोप (ध्येय गाठायला कृतींची योजना स्वतः आखणारं एआय) आकर्षक वाटतं, पण गस्तीच्या पहारेकऱ्याला नियोजन लागत नाही.

"एआय बिघडलं" अशा बऱ्याच तक्रारी खरं तर नॅव्हमेशच्या (पात्रांना चालता येईल अशा जागेच्या नकाशाच्या) असतात. एजंटची (चालणाऱ्या पात्राची) त्रिज्या मूळ सेटिंगमध्ये 0.5 मीटर असते आणि बेक करताना, म्हणजे हा नकाशा तयार करताना, नॅव्हमेश भिंतीपासून तेवढा आत सरकतो. म्हणजे 1 मीटर रुंदीच्या दिंडी दरवाजात चालायला जागाच उरत नाही, आणि पहारेकरी दाराशी अडकतो. त्रिज्या 0.3 करा, व्हॉक्सेल साइझ (नकाशा मोजणाऱ्या चौकोनी ठोकळ्याचा आकार) त्रिज्येच्या एक तृतीयांश ठेवा, नाहीतर दिंडीला लिंक (नॅव्हमेशचे दोन भाग सांधणारा दुवा) जोडा. दुसरं, सेटडेस्टिनेशनने ठिकाण दिल्यावर मार्ग लगेच तयार नसतो. पाथपेंडिंग (मार्ग अजून शोधला जातोय का) न पाहता रिमेनिंगडिस्टन्स (उरलेलं अंतर) वाचलं की पहारेकरी निघण्याआधीच 'पोहोचलो' म्हणतो.

नजरेच्या कडेवर खेळाडू रेंगाळला की गस्त-पाठलाग-गस्त अशी फडफड होते. दिसण्याची हद्द 12 मीटर, हरवण्याची 15, असं अंतर ठेवा. रेकास्ट (मध्ये आडोसा आहे का हे पाहायला सोडलेला किरण) दर फ्रेमला नको: सेकंदाला 60 फ्रेम आणि 30 पहारेकरी म्हणजे सेकंदाला 1800 किरण, सेकंदातून पाचच वेळा तपासलं तर 150. तेही वेगवेगळ्या फ्रेममध्ये वाटून द्या. आधी अंतर, मग कोन, सगळ्यात शेवटी किरण.

मोजमाप एडिटरमध्ये नको. डेव्हलपमेंट बिल्ड (चाचणीसाठीची आवृत्ती) तुमच्याकडच्या सगळ्यात स्वस्त फोनवर टाका आणि प्रोफायलर (कशाला किती वेळ लागतो ते दाखवणारं युनिटीचं साधन) जोडा. सेकंदाला 60 फ्रेम असतील तर एका फ्रेमला 16.67 मिलिसेकंद मिळतात. त्यातले 2 मिलिसेकंद एआयला दिले तरी पुष्कळ. 'जीसी अलोक'च्या (नंतर साफ करावी लागणारी मेमरी दाखवणाऱ्या) रकान्यात ट्रीकडून दर फ्रेमला काही येत असेल तर त्या टूलवर फुली मारा, कारण थोड्या वेळाने खेळ हमखास गचके खाणार.

गिटची (टीमच्या फाइलींचे बदल एकत्र ठेवणाऱ्या टूलची) चाचणी बरेच जण विसरतात. दोघांनी एकाच ट्रीमध्ये एकेक नोड घालून दोघांचे बदल मर्ज (एकत्र) करून पाहा. ग्राफची फाइल हाताने जुळवता येत नसेल तर सबट्री (ट्रीचे छोटे वेगळे तुकडे) पाडा आणि प्रत्येकीचा मालक ठरवा.

एमएल-एजंट्स या खेळात नको. भिंत हलवली की बहुधा पुन्हा प्रशिक्षण, आणि "पहारेकऱ्याने इथे जरा उशिरा वळावं" एवढी साधी सूचनाही थेट देता येत नाही.