जुन्या आय५-६५०० पीसीत आता कोणतं ग्राफिक्स कार्ड टाकावं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: इंटेल आय५-६५००, एच११० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेटसोबत आलेला ‘४५० वॅट’चा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि १०८०पी, ६० हर्ट्‌झचा मॉनिटर. बजेट २५ हजार. दुकानदाराचं म्हणणं, थोडे वर टाका आणि एनव्हीडियाचं आरटीएक्स ५०६० घ्या, मग पाच वर्षं बघायला नको.

माझं उत्तर: एएमडीचं आरएक्स ६६०० घ्या, आणि उरलेल्या पैशांत चांगला एसएमपीएस व ८ जीबीची आणखी एक रॅम बसवा. ५०६० वाईट कार्ड नाही, पण या मशीनमध्ये त्याचे पैसे वसूल होणार नाहीत. आणि ‘पाच वर्षं’ म्हणाल, तर आय५-६५०० विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशीनचंच आयुष्य इतकं उरलेलं नाही.

पैसे मोजण्याआधी घरी एक चाचणी करा. एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर टाका, त्याच्यासोबत स्क्रीनवर आकडे दाखवणारं रिवाट्यूनर येतं. स्क्रीनवर पाच गोष्टी दिसू द्या: एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम), जीपीयू म्हणजे कार्डाच्या चिपचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर, व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) आणि फ्रेम टाइम (एका फ्रेमला लागणारा वेळ). मग तुमचा खेळ जिथे खरोखर अडखळतो तिथे जा. ओसाड माळावर नाही, गर्दीच्या चौकात. जीपीयू सतत ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड कमी पडतंय. जीपीयू ६०-७० टक्क्यांवर डोलतंय आणि चारही कोअर शंभरीला टेकलेत, तर दोष कार्डाचा नाही.

आता त्याच जागी रेझोल्यूशन ७२०पी करा, टेक्सचर आणि सावल्या खाली आणा, पण गर्दी, दूरवर दिसणारं दृश्य वगैरे सेटिंग तुम्ही खेळता तशीच ठेवा. आता जो एफपीएस दिसेल ती साधारण तुमच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा. समजा तो आकडा ७० आला, तर पन्नास हजारांचं कार्ड टाकलंत तरी त्या चौकात ७०च्या आसपासच मिळणार. ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरला ७० पुरेसे आहेत, म्हणून तुमच्या बाबतीत कार्ड बदलण्यात अर्थ आहे. मात्र आकडा ४५ आला, तर कार्डाचा विचार सोडा आणि प्रोसेसरकडे वळा. एक शक्यता लक्षात ठेवा: १०५० टीआय इतकं अशक्त आहे की काही नव्या खेळांत ७२०पीलाही तेच अडवेल. जीपीयू तिथेही ९९ टक्के दिसलं तर रेझोल्यूशन आणखी खाली न्या.

या प्रोसेसरचा अडसर म्हणजे चार कोअर आणि चारच थ्रेड (एका वेळी चारच कामं). सरासरी एफपीएस बरा दिसतो, पण मध्येच झटका बसतो, कारण खेळ, ड्रायव्हर, डिस्कॉर्ड आणि ब्राउझर चार थ्रेडवर एकमेकांना ढकलत असतात. अशा वेळी एफएसआर किंवा डीएलएसएसचं अपस्केलिंग (कमी रेझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करणं) लावून काही सुधारत नाही. त्याने कार्डाचा भार कमी होतो, आणि कार्ड तर आधीच मोकळं बसलेलं असतं. रे ट्रेसिंगने (प्रकाशाचा मार्ग मोजून सावल्या-प्रतिबिंबं काढण्याने) उलट प्रोसेसरचंही काम वाढतं. शिवाय डायरेक्टएक्स १२च्या बऱ्याच खेळांत एनव्हीडियाचा ड्रायव्हर एएमडीच्या मानाने प्रोसेसरवर जरा जास्त भार टाकतो. दणकट प्रोसेसरवर हे जाणवतही नाही, चार थ्रेडवर जाणवतं.

दुसरा मुद्दा स्लॉटचा. तुमच्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६० आणि ५०६० ही सगळी कार्डं आकाराने पूर्ण स्लॉट भरत असली तरी प्रत्यक्षात आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतात. ३.०वर आठ लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी. खेळ ८ जीबी व्हीरॅममध्ये मावतो तोवर यातलं नुकसान किरकोळ असतं. व्हीरॅम भरून सांडायला लागली की डेटा रॅममधून ये-जा करतो आणि मग तीच अरुंद वाट नडते. त्यामुळे टेक्सचर ‘अल्ट्रा’वर नेऊ नका, ‘हाय’वर ठेवा. सर्वात वाईट गत आरएक्स ६५०० एक्सटीची. त्याला लेन चारच, मेमरी ४ जीबी, आणि रेकॉर्डिंगसाठी हार्डवेअर एन्कोडरही नाही. जुन्या बोर्डावर ते कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

आरएक्स ६६००ला १३२ वॅट लागतात, ८ जीबी मेमरी आहे, आणि एकच ८ पिन जोडणी. जिथे कार्डच अडवत होतं तिथे १०५० टीआयच्या अडीच ते तीनपट फ्रेम मिळतात. आरटीएक्स ३०५० ८ जीबी तेवढीच वीज खातं आणि मागे पडतं. ब्लेंडर किंवा व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर मात्र आरटीएक्स ३०६० १२ जीबी घ्या. त्याला सोळाही लेन आहेत, पण १७० वॅट लागतात. ४०६० फक्त ११५ वॅटचं आहे आणि डीएलएसएस चांगलं आहे, भावात फरक अगदी थोडा असेल तर जरूर घ्या.

इंटेलचं आर्क बी५८० भाव आणि १२ जीबी पाहून मोहात पाडेल. तुमच्या मशीनसाठी नको. त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतंच, जे एच११०वर मिळत नाही, आणि त्याच्या ड्रायव्हरचा प्रोसेसरवरचा भारही मोठा आहे. ५०६०बद्दल आणखी एक: काही बोर्डांवर रीबूटनंतर स्क्रीन काळीच राहायची म्हणून एनव्हीडियाला २०२५मध्ये या कार्डांसाठी वेगळं फर्मवेअर अपडेट काढावं लागलं.

आता एसएमपीएस, आणि इथे घाई नको. कॅबिनेटचं झाकण काढा आणि एसएमपीएसच्या अंगावरचा स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात छापलेले ४५० वॅट विसरा. खाली तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्याखाली अँपिअर दिलेले असतात. अँपिअरला १२ने गुणा. कॅबिनेटसोबत येणाऱ्या कित्येक डब्यांवर तिथे १६ अँपिअर लिहिलेलं सापडतं, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जेवतात ते याच १२ व्होल्टवर. तुमचा प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड १३२चं, बोर्ड-पंखे-डिस्क धरून अडीचशेच्या घरात आकडा जातो, त्यात कार्ड क्षणभरासाठी याहून बरंच जास्त ओढतं. म्हणून १२ व्होल्टवर किमान ३० अँपिअर हवेत. दोन रकाने असतील, १२व्ही१ आणि १२व्ही२, तर त्यांची सरळ बेरीज करू नका. खाली दोघांची मिळून कमाल वॅट दिलेली असते, ती धरा.

अपुऱ्या एसएमपीएसवर खेळ हळू चालत नाही. तो छान चालतो, आणि भर लढाईत पीसी थेट रीस्टार्ट होतो किंवा स्क्रीन काळी पडून पंखे गरगरत राहतात. लोक मग कार्ड खराब म्हणून परत करायला जातात.

८ पिनची वायर नसेल तर दुकानात वीस-पन्नास रुपयांचा कन्व्हर्टर पुढे करतील. साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) पॉवर वायरीवरून ६ किंवा ८ पिन बनवणारा तर हातही लावू नका. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टला फक्त ४.५ अँपिअरची सोय असते, म्हणजे ५४ वॅट. ६ पिनकडून ७५ आणि ८ पिनकडून १५० वॅटची अपेक्षा असते. प्लास्टिक वितळतं ते इथेच. ज्या एसएमपीएसला मूळची पीसीआयई वायर नाही, तो या कामासाठी बनवलेलाच नाही असं समजा. दुसरी गफलत: प्रोसेसरची ८ पिन वायर मधोमध ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२ अशी. दोन्हींत १२ व्होल्ट आणि अर्थ (ग्राउंड) यांच्या जागा उलट आहेत. बसत नसेल तर जोर लावू नका.

नामांकित कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा ५५० वॅटचा ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा दर्जा) पुरे. एसएमपीएस बदलायचाच नसेल, तर आरटीएक्स ३०५० ६ जीबी हा एकच समंजस पर्याय. ते ७० वॅटमध्ये, बहुतेक मॉडेलांत स्लॉटच्याच विजेवर चालतं. नावात ३०५० असलं तरी ८ जीबीवाल्यापेक्षा ते हळू आहे, बिलावर नेमकं काय लिहिलंय ते पाहा.

रॅमचं थोडक्यात: एकच काडी म्हणजे सिंगल चॅनल, आणि झटके बसण्याचं ते मोठं कारण. एच११०ला सहसा दोनच स्लॉट असतात, तेव्हा आहे त्याच क्षमतेची ८ जीबी डीडीआर४ दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका. जास्त वेगाची घेण्यात पैसे घालवू नका, आय५-६५०० अधिकृतपणे २१३३वरच चालवतो. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकल्यामुळे सेकंडहॅण्ड घ्यायलाही हरकत नाही, रॅम तपासायला सोपी असते. प्रोसेसर पुढे बदलायचा झाला तर जुना आय७-६७०० सरळ बसतो, आठ थ्रेड मिळतात. आय७-७७०० टाकायचा असेल तर जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या. आय७-८७०० तसाच दिसतो, सॉकेटचं नावही ११५१च, पण या बोर्डावर चालत नाही.

कार्ड मागवण्याआधी कॅबिनेटमध्ये मागच्या पट्टीपासून हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत अंतर मोजा. दोन पंख्यांचं ६६०० साधारण २००-२४० मिमी, तीन पंख्यांचं २८०च्या आसपास किंवा पुढे. छोट्या एच११० बोर्डावर लांब कार्डाखाली साटाचे पोर्ट झाकले जातात, म्हणून डिस्कच्या वायरी आधी लावा. मॉनिटर फक्त व्हीजीएवाला असेल तर नव्या कार्डावर तो पोर्ट नाही, डीव्हीआयही नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल.

सेकंडहॅण्डमध्ये जीटीएक्स १०६०, १०७०, १०८० दिसतील. नको. या कार्डांच्या पास्कल पिढीला ऑक्टोबर २०२५नंतर नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर बंद झाले, फक्त सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८पर्यंत येतील. ‘डूम: द डार्क एजेस’सारखे खेळ हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय चालूच होत नाहीत. आरएक्स ५८०च्या नावाखाली ‘२०४८एसपी’ खपवतात, ते खरं तर ५७०च्या तोडीचं. लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ओएलएक्सवर, समोर लावून कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडा. बनावट बायोसचं कार्ड असेल तर ते बहुतेकदा नावाआधीच ‘फेक’ दाखवतं. ६६००ला १७९२ शेडर (कार्डातले छोटे गणनाघटक) दिसले पाहिजेत. मग सुपरपोझिशन किंवा हेवन ही कार्डावर ताण देणारी चाचणी वीस मिनिटं चालवा, ठिपके-चौकटी उमटतात का पाहा, पंखा हाताने फिरवून दांडा डुगडुगतो का तपासा. वॉरंटी काही कंपन्या सीरियल नंबरवर देतात, काही मूळ बिल मागतात, ते आधी विचारा.

बसवताना: इंटरनेटची वायर काढा, सेफ मोडमध्ये डीडीयू हे सॉफ्टवेअर चालवून एनव्हीडियाचा ड्रायव्हर पूर्ण पुसा, बंद करा, मुख्य स्विच बंद करून बटण दोन-तीन सेकंद दाबा. जुनं कार्ड ओढण्याआधी स्लॉटच्या टोकाची कडी दाबायला विसरू नका, ती तुटते. नवं कार्ड ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा, स्क्रू लावा, ८ पिन जोडा. मॉनिटरची वायर कार्डाच्याच पोर्टला हवी, बोर्डाच्या नाही. नंतर एएमडीचा ताजा ड्रायव्हर, आणि रिवाट्यूनरमधून ६० फ्रेमची मर्यादा. ही मर्यादा लावल्यावर प्रोसेसरला श्वास मिळतो आणि झटके बरेच कमी होतात.

स्क्रीन आलीच नाही तर क्रमाने पाहा: ८ पिन पूर्ण आत गेलीय का, कार्ड एका बाजूने उचललंय का, बायोस जुनं आहे का. तुमच्या प्रोसेसरमध्ये एचडी ५३० ग्राफिक्स आहे, त्यामुळे कार्ड काढून बोर्डाच्या पोर्टवरून पीसी सुरू करता येईल आणि बायोस अपडेटही तिथूनच होईल. १०५० टीआय विकायची घाई करू नका, नव्या कार्डाची परत करण्याची मुदत संपेपर्यंत ठेवा.