रात्री डाउनलोड लावून झोपतो, पीसीचे फॅन मधेच जोरात फिरतात आणि जाग येते, काय करू? नवीन सायलेंट कॅबिनेट घेऊ का?

कॅबिनेट लगेच घेऊ नका, दोन-चार दिवस थांबा. मी नवी मुंबईत कोपरखैरण्याला राहतो, सिडकोचं छोटं घर, एक खोली आणि किचन. दिवसा महाप्याला एका कंपनीत आयटी सपोर्ट करतो आणि लग्नाच्या सीझनमध्ये घरी व्हिडिओ एडिटिंग, म्हणजे रात्री अकराला रेंडर लावायचं, एडिट केलेल्या तुकड्यांची पूर्ण फाइल पीसी रात्रभर बनवत बसतो, आणि सकाळी चहा घेता घेता बघायचं झालं का. पीसी ज्या खोलीत त्याच खोलीत आई झोपते. एका रात्री तिने उठून सरळ सांगितलं, विमानतळ उलव्याला होतंय ना, मग आपल्या घरात कशाला उडवतोयस. तेव्हापासून मी या आवाजाच्या मागे लागलो.

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे बघा, तुम्ही लिहिलंय "मधेच जोरात फिरतात". झोप मोडते ती आवाजाने कमी आणि आवाज बदलल्याने जास्त. सीलिंग फॅन रात्रभर घरघरत असतो त्याने कुणाला जाग येत नाही, पण लाइट जाऊन तोच फॅन थांबला की अख्खं घर उठून बसतं. त्यामुळे पीसी एकदम मुका करायच्या नादी लागू नका, पैसे जातात, त्याचा आवाज एकसारखा करा, तेवढं झालं की निम्मं काम झालं.

आता तो मधेच का ओरडतो? प्रोसेसरचं तापमान सेकंदाभरात दहा-पंधरा डिग्री वर उडी मारतं, एवढंसं काम आलं तरी, अँटीव्हायरसचं स्कॅन म्हणा नाहीतर विंडोजचा अपडेट म्हणा. आणि फॅन त्या उडीच्या मागे पळतो, तो पोचेपर्यंत काम संपलेलं असतं, मग परत खाली, परत वर. हे थांबवायची जागा बायोसमध्ये आहे, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये. पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबत राहा, आत फॅनचं पान असतं, एसुसवाले त्याला क्यू-फॅन म्हणतात, गिगाबाइट आणि एमएसआयवाले स्मार्ट फॅन. तिथे रेषा दिसेल, एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला फॅनचा स्पीड. मी ती ६० डिग्रीपर्यंत सपाट ठेवलीय, ३०-३५ टक्क्यांवर, त्याच्या पुढे हळूहळू चढ, ८० ला साधारण ७० टक्के आणि ९० ला फुल. शिवाय त्याच पानावर स्टेप अप किंवा स्पिन अप अशा नावाची वेळ असते, ती जेवढी जास्त देता येईल तेवढी द्या, म्हणजे दोन सेकंदांच्या उडीला फॅन भावच देत नाही. घाबरू नका, काही जळत नाही, बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० डिग्रीच्या आसपास पोचले की स्वतःच स्पीड कमी करतात. फक्त ही रेषा जानेवारीत सेट करू नका. खोली जेवढी डिग्री गरम तेवढेच डिग्री आतला प्रोसेसर वर जातो, जानेवारीत २३ ची खोली मे महिन्यात खिडक्या लावून ३४ ची होते, म्हणजे हिवाळ्यात ५५ ला शांत बसलेला पीसी मे मध्ये ६६ ला जाऊन परत ओरडायला लागतो. मी हीच चूक केली आणि एप्रिलमध्ये आईची बोलणी परत खाल्ली.

सेटिंग बदलूनही काही फरक पडत नसेल तर फॅनची वायर बघा. स्वस्त रंगीत लाइटवाल्या कॅबिनेटमधले फॅन बऱ्याचदा थेट एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, वायरला जोडलेले असतात, त्यांना १२ व्होल्ट मिळतात आणि ते जन्मभर फुल स्पीडनेच फिरतात, बायोसचं ऐकायला त्यांना कानच नसतात. ते मदरबोर्डला जोडता येतात का बघा. आणि तीन पिनचा फॅन असेल तर बायोसमध्ये पीडब्ल्यूएम ऐवजी डीसी मोड करा, नाहीतर तोही फुलच पळतो. चार पिनवाल्याला पीडब्ल्यूएम बरोबर.

स्पीड कमी करायचा फायदा किती ते एकदा कळलं की माणूस नवीन फॅन घ्यायच्या आधी विचार करतो. फॅनचा स्पीड निम्मा केला की हवा निम्मी होते पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला जवळजवळ तिसरा हिस्सा वाटतो. आणि सारखाच आवाज करणारा दुसरा फॅन शेजारी लावला तर फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणून एक फॅन बोंबलत फिरवण्यापेक्षा दोन फॅन निवांत फिरवलेले कधीही परवडतात, आणि ८० मिलिमीटरच्या बारक्या फॅनपेक्षा १२० चा बरा.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक एका फुकटच्या गोष्टीने पडला. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात अॅडव्हान्स्ड सेटिंग, तिथे मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० असतं ते ९९ करा. हसू नका, एक टक्का नाहीये तो, त्याने बहुतेक प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे काम आलं की स्वतःहून घेतलेला जादा स्पीड, बंद होतो. टर्बोमध्ये स्पीडसोबत व्होल्टेज पण वाढतं आणि व्होल्टेज थोडंसं वाढलं तरी उष्णता त्याच्या वर्गाने वाढते, त्यामुळे शेवटच्या थोड्या स्पीडसाठी पीसी बेसुमार तापतो. माझं तीन तासांचं रेंडर पावणेचार तासांवर गेलं, पण सकाळी सहाला उठणाऱ्या माणसाला रेंडर दोनला संपलं काय आणि पावणेतीनला संपलं काय. तुमचं तर नुसतं डाउनलोड आहे, तुम्हाला कळणार पण नाही. मी दोन पॉवर प्लॅन बनवलेत, एकाचं नाव "दिवस", एकाचं "आई".

साफसफाईचं वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण इकडे ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात धूळ फार, आणि पावसाळ्यात ती दमट होऊन हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पट्ट्यांमध्ये गोधडीसारखी बसते. ठाण्यात घोडबंदरला राहणाऱ्या मित्राचा पीसी उघडला तेव्हा तर फिल्टरच्या जाळीतून पलीकडचं काही दिसत नव्हतं. तीन-चार महिन्यांनी ब्लोअर मारा, गॅलरीत नेऊन मारा नाहीतर घरात वेगळं महाभारत होतं, आणि ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने भन्नाट फिरला की बेअरिंगची वाट लागते. तीन-चार वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट पण बदलून घ्या, वाळलेली असते.

मीही सुरुवातीला शहाणपणा केला होता, एका दुकानदाराने पटवलं की प्रोसेसरला लिक्विड कूलर घ्या, आवाजच नाही. घेतला. दिवसा खरंच शांत वाटला, रात्री अडीचला कळलं की त्याच्या पंपमध्ये हवा अडकून गुडगुड आवाज येतो, कुणीतरी खोलीत हुक्का पितंय असा. परत करायला गेलो तर म्हणे हे नॉर्मल आहे. शेवटी प्रोसेसरवर साधा मोठा फॅनवाला एअर कूलर बसवला, त्याला चार वर्षं झाली.

अजून एक, आवाज फॅनचाच आहे ना ते नक्की करा. किचन टॉवेल संपला की पुठ्ठ्याची नळी उरते, ती कानाला लावून एकेका जागेजवळ न्या, लगेच कळतं. खरखर येत असेल तर बेअरिंग गेलं, फॅन बदला, तेल घालून फार दिवस निघत नाहीत. हूंऽऽ असा सपाट घुमणारा आवाज असेल तर ती हार्डडिस्क, ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, तोच सूर टेबलात आणि भिंतीत उतरतो. माझं कॅबिनेट लोखंडी कपाटाला टेकलेलं होतं, कपाट तबल्यासारखं वाजत होतं, चार बोटं पुढे ओढलं आणि खाली जुन्या योगा मॅटचे चार तुकडे ठेवले, संपलं. तुकडेच ठेवा, अख्खी मॅट अंथरली तर खालून हवा घेणारा एसएमपीएस गुदमरतो. आणि आवाज एसएमपीएसमधून येत असेल तर तो उघडू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहतो, सरळ बदला.

आणि खरंच रात्रभर चालू ठेवायची गरज आहे का बघा. नुसता चालू असलेला साधा पीसी ६० वॅट धरला तरी आठ तासांत अर्धा युनिट, महिन्याला पंधरा, आणि महावितरणचं मीटर १०० च्या पुढे गेलं की वरचे युनिट महाग पडतात. डाउनलोड दोन तासांत होणार असेल तर कमांड विंडोत शटडाऊन, मग डॅश एस, डॅश टी आणि ७२०० एवढं टाइप करून झोपा, तेवढ्या सेकंदांनी तो स्वतः बंद होतो.

आता कॅबिनेटचं. तुमच्या कॅबिनेटला पुढून काच किंवा बंद प्लास्टिक असेल तर आज रात्री ते पुढचं पॅनल काढून ठेवा आणि नेहमीचंच काम लावा. तापमान सात-आठ डिग्री उतरलं तर कॅबिनेट हवा अडवतंय, मग घ्या नवीन, पण पुढून जाळीवालं घ्या, आतून फोम लावलेलं "सायलेंट" नको, ते आवाजासोबत उष्णता पण कोंडतं. एक-दोन डिग्रीचाच फरक दिसला तर पॅनल परत लावून टाका, तुमचे चार-पाच हजार वाचले.