इलेक्ट्रिकच्या नव्या दुकानात वायरमनला काय हवे असते

आपण दुकान सुरू करत आहात याचा आनंद वाटला. मुंबईतील अनेक सोसायट्यांत दुपारी ठोकाठोकीला मनाई असल्यामुळे वायरमनला सकाळीच माल हातात हवा असतो, म्हणून दुकान लवकर उघडा.

दर्शनी भागात झुंबरे मांडायची आणि रोजचा माल मात्र संपू द्यायचा, ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक असते. पुढील वस्तू कधीही संपू देऊ नका:

- १.५ आणि २.५ चौरस मिलिमीटर वायर, ९० मीटरच्या कॉइलमध्ये आणि सुटी, लाल, काळ्या व हिरव्या रंगांत
- ६, १६ व ३२ अँपिअरचे एमसीबी (जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास वीज आपोआप तोडणारे स्विच)
- ६ व १६ अँपिअरचे सॉकेट, आणि त्याच कंपनीच्या प्लेटा
- टेप, गिट्ट्या (स्क्रू पकडण्यासाठी भिंतीत बसवायचे प्लग), स्क्रू

एका प्लेटेसाठी माणसाला लोहार चाळीपर्यंत, म्हणजे दक्षिण मुंबईतील इलेक्ट्रिक मालाच्या घाऊक बाजारापर्यंत, जावे लागले, तर त्याचा अर्धा दिवस जातो आणि पुढची संपूर्ण यादी तो दुसऱ्या दुकानात देतो.

आयएसआय चिन्ह नसलेली स्वस्त वायर कृपया ठेवूच नका. ती भिंतीत गाडली जाते आणि तिच्यावर कुणाचे तरी घर विसंबून असते. न वापरलेला माल बिल पाहून परत घ्या. उधारी द्यावीच लागेल, परंतु मर्यादा पहिल्याच दिवशी सांगा. पॅनेल (वीज वाटून देणाऱ्या मोठ्या पेट्या) आणि ऑटोमेशन (दिवे-पंखे आपोआप किंवा मोबाइलवरून चालवणारी उपकरणे) यांचा विचार वर्षभराने करावा.