मागणी पहिल्या ओळीत

प्रश्न : मी कंपनीत खरेदी विभागात आहे. वरिष्ठांना व्हॉट्सॲपवर काही विचारलं तर दोन-दोन दिवस उत्तर येत नाही. एकदम कामाचं लिहिणं उद्धट वाटतं, म्हणून आधी ‘नमस्कार सर’ पाठवते आणि त्यांच्या उत्तराची वाट बघते. कुठं चुकतंय?

वाट बघण्यात. नुसत्या नमस्काराला काय उत्तर द्यायचं हे समोरच्याला कळत नाही. निळ्या खुणा उमटतात आणि बाकीच्या निरोपांखाली तुमचा निरोप गाडला जातो. नमस्कार जरूर करा, पण काम त्याच निरोपात लिहा. फोनवरच्या सूचनेत पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. काय हवं आणि कधीपर्यंत, हे तिथंच आलं पाहिजे.

समजा, ‘मागच्या आठवड्यात पत्र्याबद्दल आपलं बोलणं झालं होतं, त्यानुसार दोघांकडून दर मागवले...’ अशी सुरुवात केली, तर मंजुरीचा विषय पाचव्या ओळीत येतो. त्याऐवजी असं लिहा :

‘नमस्कार सर. २ टन पत्र्याच्या ऑर्डरला आज ४ वाजेपर्यंत तुमची मंजुरी हवी आहे. पहिल्या पुरवठादाराचा दर किलोला ६८ रुपये, दुसऱ्याचा ७१. पहिला शुक्रवारी माल देतो. ऑर्डर त्यालाच द्यावी असं मला वाटतं. त्याचा हा दर आजपुरताच आहे.’

याला ‘हो’ एवढं उत्तर पुरतं, आणि गाडीत बसतानाही ते देता येतं. तुमचं मत लिहायला कचरू नका. ते नसेल तर निर्णयाचं सगळं ओझं वाचणाऱ्यावर पडतं. ‘लवकरात लवकर’ लिहू नका, वार आणि वेळ लिहा. मेलच्या विषयातही ‘महत्त्वाचे’ नको, ‘मंजुरी हवी : पत्रा २ टन, आज ४ पर्यंत’ असं हवं. एका मेलमध्ये दोन कामं घातली की सोप्याचं उत्तर येतं आणि अवघड राहून जातं, म्हणून दोन मेल करा. (समोरच्याच्या घरी आजारपण किंवा दुःख असेल तेव्हा मात्र आधी विचारपूस, काम नंतर.)

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता सहा महिन्यांत उखडला. महापालिकेकडं माहिती अधिकारात अर्ज करायचा आहे. तीन पानं लिहून तयार आहेत. चालतील का?

नाही. महाराष्ट्राच्या २०१२च्या सुधारित नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि सर्वसाधारणपणे १५० शब्द. विषय जास्त असतील तर जन माहिती अधिकारी पहिल्याचंच उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतात.

माहिती कशासाठी हवी हे सांगायचं बंधन माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे नाही. त्यामुळं रहिवाशांच्या हालांचं वर्णन कितीही खरं असलं तरी इथून काढा. ते तक्रार अर्जात लिहा. ‘रस्ता का उखडला? जबाबदार कोण?’ हेही नको. या कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाच्या दप्तरी असलेली नोंद. स्पष्टीकरण मागितलं की अर्ज तिथंच अडतो. कागद मागा. जोडपत्र ‘अ’ मध्ये, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात, विषय, कालावधी आणि वर्णन वेगवेगळं विचारलेलं असतं. वर्णनात एवढंच पुरे : ‘अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, अदा केलेली बिले आणि दोषदायित्व कालावधी नमूद असलेले करारातील पान यांच्या प्रती.’ (कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला दिलेला काम सुरू करण्याचा आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापांची वही आणि दोषदायित्व कालावधी म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदारानंच ते दुरुस्त करून द्यायची मुदत.)

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.