वर्ग, राशिभविष्य आणि ग्रुप

प्रश्न : मी ज्योतिष सल्ला देते, शनिवारी वर्ग घेते, मासिक राशिभविष्य लिहिते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर ‘ताई, माझी पत्रिका बघा ना’ चालू असतं. मेळ कसा घालू?

उत्तर : ग्रुपवर पत्रिका पाहणं आजच थांबवा. तिथे जन्मवेळेची खातरजमा होत नाही. 4 मिनिटांत लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशिचक्राचा बिंदू, साधारण 1 अंश सरकतं, लग्नाचा नवमांश (राशीचा नववा भाग) सरासरी 13-14 मिनिटांत बदलतो. घाईतलं उत्तर इथेच फसतं. शिवाय जन्मतपशील चारचौघांत उघडे पडतात. दिवसाला 3 पत्रिका पुरेत, मध्ये अर्धा तास मोकळा ठेवा. राशिभविष्य पंचांगातलं गोचर (ग्रहांचं त्या काळातलं राशींमधलं भ्रमण) समोर ठेवून एका बैठकीत लिहा, पण सल्ल्याच्या दिवशी अजिबात नको. नुकत्याच भेटलेल्या जातकाचं, म्हणजे ज्याची पत्रिका पाहिली त्याचं, दुःख त्या राशीच्या मजकुरात उतरतं. वर्गात फळ्यावर जातकाची कुंडली परवानगीनेच मांडा. नाव झाकलं तरी जन्मतारीख-वेळेवरून माणूस ओळखू येतो.